दाजीपूरच्या जंगलात जमिनीवरचा सुतार

सुतार पक्षी म्हटला की झाडाच्या खोडावर टकटक करणारा पक्षी डोळ्यांपुढे येतो. पण मुंग्या आणि वाळवी टिपण्यासाठी हाच पक्षी खुशाल जमिनीवर उतरतो, हे फार थोड्यांना ठाऊक असते. त्याचा फोटो मिळवावा म्हणून आम्ही वस्तीतली चार कुटुंबे एका रविवारी मुलाबाळांसह दाजीपूरला गेलो.

कोल्हापूरहून राधानगरीमार्गे दाजीपूर सुमारे ८० किलोमीटर. राजर्षी शाहू महाराजांनी ज्याचे काम सुरू केले ते राधानगरी धरण वाटेतच लागते. हे जंगल १९५८ साली गव्यांसाठी अभयारण्य झाले. १९८५ साली ते वाढवून राधानगरी अभयारण्य करण्यात आले. क्षेत्र ३५१ चौरस किलोमीटर. २०१२ साली पश्चिम घाटातील जागतिक वारसास्थळांत त्याचा समावेश झाला.

लोक येथे गवा पाहायला येतात. आम्ही मात्र वारुळे शोधत चाललो. जंगलाच्या कडेला, पाचोळ्यात एक हिरवट पक्षी चोचीने माती उकरताना दिसला. डोक्यावर लाल टोपी, म्हणजे नर. मादीची टोपी काळी असते. छातीपोटावर माशाच्या खवल्यांसारखी नक्षी. चोचीने भोक पाडायचे आणि लांब, चिकट जीभ आत घालून मुंग्या ओढायच्या, असे त्याचे काम चालले होते. या जिभेला आधार देणारी हाडे कवटीला मागून वळसा घालून पुढे येतात, म्हणून ती एवढी बाहेर निघते. सोनेरी पाठीचा सुतारही कधी कधी असाच खाली उतरतो. मात्र आपल्या मैदानात चोचीने माती टोचणारा तुरेवाला हुदहुद्या म्हणजे सुतार नव्हे. ही गल्लत पुष्कळांची होते.

आमच्याजवळ मागून आणलेला साधा कॅमेरा होता. मोठी लेन्स आपल्या पगारात बसत नाही. त्याला उपाय एकच, धीर. ऊन पाठीशी घेऊन आम्ही जमिनीवर बसलो. मुलेही गप्प बसली. पक्षी आपणहून वारुळाकडे परत आला, तेव्हा कॅमेरा त्याच्या डोळ्याच्या उंचीवर धरून फोटो घेतले. डोके सतत हलत असल्याने बरेच अस्पष्ट आले, चार चांगले निघाले.

काही हौशी मंडळी मोबाईलवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला बोलावतात, खडा मारून उडवतात. तेवढा वेळ त्याचे खाणे थांबते. विणीच्या दिवसांत पिलेही उपाशी राहतात. पडलेले लाकूड सरपणाला उचलले किंवा गवताला वणवा लावला, तर मुंग्या-वाळवीचा आसरा जातो आणि सुताराचे अन्नही.

वाचकहो, जंगल पाहणे ही केवळ पैसेवाल्यांची हौस नाही. सुट्टीत मुलांना जरूर न्यावे. पावसाळ्यात अभयारण्य बंद असते, म्हणून निघण्यापूर्वी वनखात्याकडे चौकशी करावी. भाकरी घरून बांधून न्यावी, प्लास्टिक परत आणावे. कॅमेरा नसला तरी एक वही पुरते. काय पाहिले ते मुलांनी त्याच दिवशी लिहून ठेवावे.