पोलादी आडोसा

नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर, अरोमाँशला, काँक्रीटचे प्रचंड पेटारे अजून पाण्यात उभे आहेत. लोक येतात, फोटो काढतात, सुटी असली की मुलांनाही आणतात. फिनिक्स हे त्यांचं युद्धकाळातलं नाव. त्यांना बुडवायचंच होतं. ठरल्या जागी तळाला टेकले, भिंत झाले, टिकले. त्यांचं सगळं चांगलंच झालं.

माझा जीव अडकलाय तो त्यांच्याही पलीकडे, खोल पाण्यात तरंगायला ठेवलेल्या त्यांच्या भावंडांत. बॉम्बार्डन म्हणत त्यांना. पोलादी, 200 फूट लांबीचे, मधोमध कापले तर अधिकच्या चिन्हासारखे दिसतील असे. वरच्या फाट्यात हवा कोंडलेली; खालच्या आणि बाजूच्या फाट्यांत समुद्राचंच पाणी. दर्याला थोपवायला दर्याचंच वजन उसनं घेतलेलं! हलकी वस्तू लाटेबरोबर उचलली जाते. हे पाणी प्यायलेलं धूड तसं उचललं जात नसे, आपल्याच संथ लयीत राही. लाट त्याच्यावर आपटे आणि खचून पलीकडे जाई. लाटेची उंची निम्मी झाली की तिचा जोर चौथाईवर येतो. एवढाच हिशेब होता. रॉबर्ट लॉकनर नावाच्या ब्रिटिश नौदल अधिकाऱ्याने तो घरच्या तळ्यात हवेची गादी सोडून करून पाहिला होता.

6 जून 1944 ला दोस्त राष्ट्रांचं सैन्य नॉर्मंडीत उतरलं. त्यानंतर हे बॉम्बार्डन इंग्लंडहून ओढत आणले, सैन्याचा माल उतरवायला उभारलेल्या दोन नव्या बंदरांबाहेर साखळीने बांधले. आत जहाजं निवांत माल उतरवू लागली. दिवस मोजावेत इतकेच मिळाले.

19 जूनला ईशान्येचा वारा सुटला आणि तीन दिवस हटला नाही. उन्हाळ्याच्या भरवशावर बांधलेल्या वस्तूंवर भर जूनमध्ये असं उधाण यावं! साखळ्या तुटल्या. आडोसा म्हणून आणलेली धुडं मोकाट सुटली आणि ज्यांना जपायचं त्यांच्यावरच जाऊन आदळली. साँ-लोराँसमोरचं अमेरिकन बंदर असं मोडलं की ते सोडूनच द्यावं लागलं. त्याचे सुटे भाग अरोमाँशच्या डागडुजीला गेले.

मग दोष आला तो यांच्याच पदरात. खुद्द वादळाने केलं नसेल एवढं नुकसान यांनी केलं, असंही लिहिलं गेलं. लिहिणाऱ्यांना खोटं कशाला म्हणू? पण ज्याला खोल पाण्यात, सगळ्यांच्या पुढे, पहिली लाट अंगावर घ्यायला उभं केलं, त्याचंच दावं आधी तुटणार. किनाऱ्यालगत तळाला घट्ट बसलेल्यांनी त्याला नावं ठेवावीत, हे मला पटत नाही.

आता बॉम्बार्डनही तळाशी आहेत. एकाचे अवशेष इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर, पोर्टलंडला, पाणबुड्यांना माहीत आहेत. शेजारी सैन्य उतरवणारी एक बोटही पडलेली. हिरवट, गढूळ पाणी. टॉर्चच्या उजेडात आधी नुसत्या गंजलेल्या कडा दिसतात. मग पत्र्याला पडलेली भोकं, आणि त्यांतून आतबाहेर करणारे मासे. त्या पाण्यात कोंगर नावाची जाड वाम अशा फटींत राहते. नुसतं डोकं बाहेर, तोंड जरा उघडं, भाडं थकलेल्या बिऱ्हाडकरूसारखी, हलायचं नाव नाही. हवा कोंडलेल्या खणांत पाणी शिरलं आणि धूड बुडालं. त्याच खणांत आता कुणाचा तरी संसार आहे.

बाबांनो, तुमची कल्पना काही बुडाली नाही, एवढं तरी तुमच्या कानावर घालावंसं वाटतं. छोट्या बंदरांत तरंगते बंधारे आता सर्रास असतात. 2002 साली मोनॅकोला तर 352 मीटर लांबीचा बंधारा स्पेनमध्ये बांधून समुद्रातून ओढत आणला. तो काँक्रीटचा आहे, किनाऱ्याशी अजस्र पोलादी सांध्याने जोडलेला, आणि त्याच्या पोटात चक्क मोटारी उभ्या करतात. त्याच्या आडोशाला श्रीमंतांच्या नौका फारशा न डुलता उभ्या राहतात. तुमच्या आडोशाला दारूगोळा उतरत होता, आणि तो उतरवणारी पोरं विशी-बाविशीतली होती.