दोन दिवस प्रवरामाईच्या माहेरी

शेतकऱ्याच्या घरातून प्रवास निघतो तो लग्नाला, दशक्रियेला, दवाखान्याला, नाहीतर पंढरीला. नुसते बघायला आणि खायला म्हणून बाहेर पडणे ही आपल्याकडे चैन समजतात. वैरण कोण टाकील, दूध डेअरीवर कोण नेईल, हे प्रश्नही खोटे नाहीत. तरीपण मंडळी, दोन दिवस शेजाऱ्याला गोठा सांभाळायला सांगा, पुढे त्याचा तुम्ही सांभाळा, आणि चला अकोल्याला. विदर्भातले अकोला नव्हे, आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यातले अकोले. संगमनेर, राहाता, श्रीरामपूर, राहुरी, नेवासे या भागात ज्यांचा ऊस प्रवरेच्या पाटावर उभा आहे, त्यांनी तर एकदा जायलाच हवे.

पहिल्या दिवशी सकाळी संगमनेरहून एसटी धरा. अकोल्यात उतरलात की आधी प्रवरेकाठचा अगस्ती ऋषींचा आश्रम बघा. महाशिवरात्रीला इथे मोठी यात्रा भरते. मग सिद्धेश्वराचे जुने दगडी देऊळ. खांबांवरचे कोरीवकाम निवांत बघा, मुलांनाही दाखवा. याच नदीच्या काठी, खाली नेवाशाला, १२९० साली ज्ञानेश्वरी सांगितली गेली, हेही त्यांना तिथेच सांगा.

पुढे राजूर. इथले पेढे नावाजलेले. पावशेर तिथेच खा, पावशेर घरच्यांसाठी बांधून घ्या. राजूरच्या पुढे रंधा धबधबा. पाणी असेल तेव्हा त्याचा आवाज आधी ऐकू येतो, मग तो दिसतो. कठड्याच्या पलीकडे मात्र पाय टाकू नका, मुलांचा हात सोडू नका.

संध्याकाळी शेंडीला मुक्काम करा आणि भंडारदऱ्याच्या भिंतीपाशी उभे राहा. १९१० साली काम सुरू झाले आणि १९२६ साली हे दगडी धरण पुरे झाले. उंची सुमारे २७० फूट, पाणी सुमारे अकरा अब्ज घनफूट. इथून सुटलेले पाणी नदीने ओझरच्या बंधाऱ्यावर जाते, तिथून डाव्या-उजव्या कालव्यांत, आणि मग चाऱ्या-पोटचाऱ्यांतून तुमच्या सरीत. ज्या आवर्तनासाठी आपण रात्र रात्र जागतो, भावाभावांत भांडतो, ते आवर्तन इथून निघते.

दुसऱ्या दिवशी जीप ठरवून रतनवाडीला जा. धरणाच्या पाण्याला वळसा घालून रस्ता जातो. मागे रतनगड, पायथ्याला अमृतेश्वराचे हेमाडपंती देऊळ, शेजारी कोनाड्याकोनाड्यांत मूर्ती असलेली पुष्करणी. प्रवरामाईचा उगम या डोंगरातला. शक्यतो पावसाळा ओसरताना, सप्टेंबर-ऑक्टोबरात जा. सोनकीने डोंगर पिवळे असतात आणि खाचरांत भात निसवलेला असतो.

जेवण वाडीतच सांगा, आदल्या दिवशी निरोप द्या. नागलीची भाकरी, हुलग्याचे शेंगोळे, ठेचा आणि वाफाळता भात. आमची सवय ज्वारी-बाजरीची, पण त्या नागलीच्या भाकरीने आम्ही सगळे गप्प झालो. वाढणाऱ्या मावशींना विचारले, पाण्याचे कसे काय? त्या म्हणाल्या, "पावसाळ्यात घरात शिरतं, उन्हाळ्यात डोक्यावरून आणावं लागतं."

मंडळी, हे ऐकल्यावर घास अडकतो. जिल्ह्यातला सर्वांत जास्त पाऊस याच पट्ट्यात पडतो, जवळच्या घाटघरला तर नगरचे चेरापुंजी म्हणतात. पण उतारावरचे पाणी वाहून जाते, आणि चैत्र-वैशाखात वरच्या कितीतरी वाड्यांत बायांच्या डोक्यावर हंडे येतात. धरणासाठी जमिनी पाण्याखाली गेल्या त्या याच खोऱ्यातल्या. पाट मात्र खाली आला, आणि त्यावर आपले मळे उभे राहिले.

म्हणून रिकाम्या हाताने परतू नका. वाडीवरच्या शेतकऱ्याकडून काळभात, आंबेमोहोर, नागली, वरई, जे असेल ते घ्या आणि भाव पाडून मागू नका. आवणीला वाकलेली पाठ आपल्याला ठाऊक आहे. वेळ उरला तर वाट वाकडी करून कोंभाळण्याला जा. शाळेची पायरी न चढलेल्या राहीबाई पोपेरे यांनी तिथे गावरान बियाण्यांची बँक उभी केली. २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. घरातल्या सुनांना आणि लेकींना हे बियाण्यांचे घर जरूर दाखवा.

परत आलात की गोठा, डेअरी आणि दारे धरणे आहेच. पण पुढच्या आवर्तनाला मध्यरात्री बॅटरी घेऊन बांधावर उभे राहाल, तेव्हा पाटाचे पाणी नुसते नंबराचे वाटणार नाही. त्या मावशींच्या अंगणावरून ते आले आहे, हे आठवेल. आणि मग एखादे दारे उगाच फुटून पाणी ओढ्याला चालले असेल, तर ते बांधायला तुम्ही आपण होऊन वाकाल.