भूल : द्यावी की घ्यावी?

सदतीस वर्षं बँकेत काढल्यामुळे ‘चूकभूल द्यावी घ्यावी’ हे वाक्य मी किती वेळा वाचलं, त्याचा हिशेब नाही. पण त्यातली भूल द्यायला डॉक्टर केव्हाही तयार असले तरी घ्यायची की नाही हे आपल्यालाच ठरवावं लागतं, ही गोष्ट कळायला मला वयाचं सदुसष्टावं वर्ष उजाडावं लागलं.

प्रकरण सुरू झालं एका लहानशा डबीपासून. मराठी मध्यमवर्गीय माणूस स्वतःच्या पोटाविषयी चारचौघांत तासभर बोलू शकतो. गॅस, पित्त, इसबगोल, सकाळचं कोमट पाणी या विषयांवर आमच्या सोसायटीच्या कट्ट्यावर रोज परिसंवाद भरतो. पण त्याच पोटातला ऐवज डबीत घालून लॅबच्या काउंटरवर द्यायचा म्हटलं की हाच माणूस चोरटं सोनं नेत असल्यासारखा इकडेतिकडे बघतो. मीही तसाच गेलो. तीन दिवसांनी निकाल आला. डोळ्यांना न दिसणारं रक्त तपासणीत सापडलं होतं.

“मूळव्याध असेल,” मी डॉक्टरांना म्हणालो.

“असेलही,” डॉक्टर म्हणाले. “पण आत जाऊन बघावं लागेल. घरात कुणाला मोठ्या आतड्याचा काही आजार?”

“वडिलांना,” मी म्हणालो.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. “मग तुम्ही चाळिशीतच यायला हवं होतं.”

सत्तावीस वर्षं उशीर. बँकेत इतका थकलेला हप्ता असता तर मीच त्या माणसाच्या दारावर नोटीस लावली असती.

कोलोनोस्कोपी म्हणजे काय ते त्यांनी समजावून सांगितलं. मोठं आतडं साधारण पाच फुटांचं. बोटाएवढ्या जाडीची, हवी तशी वळणारी नळी मागच्या दारानं आत जाते. तिच्या टोकाला दिवा आणि कॅमेरा. न्यूयॉर्कमध्ये वोल्फ आणि शिन्या या दोन डॉक्टरांनी १९६९ साली या तपासणीचा पाया घातला. माणूस चंद्रावर उतरला तेही १९६९ सालीच. एकाच वर्षी माणूस इतक्या वर आणि इतक्या आत पोचला याचं मला कौतुक वाटलं, पण आतल्या प्रवासासाठी माझी निवड झाली याचं तेवढं वाटलं नाही.

“आत एखादा पॉलिप, म्हणजे मोडासारखी वाढ दिसली तर तिथेच काढून टाकतो,” डॉक्टर म्हणाले. “त्यातल्या काहींचा पुढे कॅन्सर होतो, पण त्याला बहुधा वर्षानुवर्षं लागतात. त्याआधी गाठलं की प्रश्न मिटला. आता सांगा, भूल देऊ की जागे राहणार?”

हॉटेलात ‘साधा की मसाला’ विचारतात तसं त्यांनी विचारलं. मी “घरी विचारून सांगतो” म्हणालो. मराठी नवऱ्याचं हे राष्ट्रीय उत्तर आहे.

घरी विचारण्याची गरज पडली नाही. संध्याकाळपर्यंत सगळ्या सोसायटीनं सल्ले दिले होते. वरच्या मजल्यावरचे निवृत्त मामलेदार म्हणाले, “बेलाशक भूल घ्या. माझी झाली गेल्या वर्षी. सुई टोचली एवढं आठवतं. एकदम चहाच पुढे आला. कण्हलो नाही की कुथलो नाही!”

“अहो, काय सांगताय!” मागून त्यांच्या पत्नी म्हणाल्या. “मी दाराबाहेर बसले होते. दोनदा ‘आई गं’ केलंत!”

मामलेदारांचा चेहरा बघण्यासारखा झाला. त्यांना खरंच काही आठवत नव्हतं. मी डॉक्टरांना फोन केला तेव्हा कळलं की दोघंही खरं बोलत होते. भुलेचे प्रकार असतात. प्रोपोफॉल नावाचं दुधासारखं पांढरं औषध असतं. ते भूलतज्ज्ञ देतात आणि माणूस गाढ झोपतो. मिडॅझोलम मात्र गुंगी आणतं आणि आठवण पुसतं. माणूस मधूनच कण्हतो, बोलतो, विचारलेल्याला उत्तरही देतो, आणि नंतर त्यातलं त्याला काही आठवत नाही. म्हणजे दुखलं असलं तरी खात्यावर नोंद नाही! बँकेत आम्ही याला अफरातफर म्हणत होतो.

न्यू जर्सीहून मुलीचा फोन आला. “बाबा, जागेपणी? वेडे आहात का? इथे सगळे झोपूनच करतात.” समोरच्या ब्लॉकमधल्या मानसशास्त्राच्या प्राध्यापकांनी लगेच नॉर्वे आणि फिनलंड पुढे केले. तिकडे म्हणे पुष्कळ माणसं सहज जागेपणी ही तपासणी करून घेतात. एवढ्यावर न थांबता त्यांनी मला काहनेमन ऐकवला. याला पुढे २००२ साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. त्यानं आणि रेडेलमायर नावाच्या डॉक्टरानं जाग्या रोग्यांना तपासणी चालू असताना मिनिटामिनिटाला ‘किती दुखतंय’ ते विचारलं आणि १९९६ साली निष्कर्ष छापला. तपासणी किती वेळ चालली हे माणसाच्या लक्षात राहत नाही. सगळ्यात वाईट क्षण कोणता आणि शेवट कसा झाला, एवढ्यावरच त्याची आठवण ठरते. पुढे २००३ साली त्यांनी हेही दाखवलं, की शेवटी नळी थोडा वेळ नुसतीच न हलवता आत ठेवली, तर तपासणी लांबूनही रोग्याला ती कमी त्रासाची वाटते.

“यात नवीन ते काय?” आमची ही म्हणाली. “शेवट गोड तर सगळं गोड, हे माझी आजी नोबेल न घेता सांगत होती.”

सगळे हसले. मीही हसलो. पण रात्री झोप येईना. माझा वाईट क्षण आणि माझा शेवट, दोन्ही १९८६ सालचे होते.

बाबांना मोठ्या आतड्याचा कॅन्सर झाला तेव्हा मी अठ्ठावीस वर्षांचा होतो. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं आणि वर म्हणाले, “पेशंटला कळू देऊ नका.” तेव्हाची रीतच ती. मी बाबांना सांगितलं, मूळव्याध आहे. पण मग मूळव्याधीसाठी पुण्याहून मुंबईला कशाला न्यायचं? आणि न्यायचं ते परळला, जिथली पाटी वाचली की शेंबडं पोरही समजेल अशा इस्पितळात! त्यावर मी एक युक्ती काढली. निघताना म्हणालो, “बाबा, चष्मा घरीच ठेवा. गर्दीत हरवेल.” बाबांनी माझ्याकडे पाहिलं, मुकाट्यानं चष्मा काढला आणि माझ्या हातात दिला. दिवसभर मी त्यांना हाताला धरून आंधळ्यासारखा हिंडवत होतो. परत आल्यावर ते म्हणाले, “इस्पितळ चांगलं आहे हो. स्वच्छ आहे.”

पुढे आठ महिने आमच्या घरात मूळव्याध नांदली. ते गेल्यावर त्यांची जमाखर्चाची वही उघडली. त्या तारखेखाली त्यांच्या टपोऱ्या अक्षरात लिहिलं होतं : ‘परळ. टॅक्सी जाऊन-येऊन रु. १२. मुलाला सगळं कळलं आहे असं दिसतं. विषय काढू नये, घाबरेल.’ आणि नेहमीप्रमाणे खाली : ‘चू. भू. द्या. घ्या.’

त्या आठ महिन्यांतलं मला बाकी फारसं आठवत नाही. तो चष्मा आठवतो आणि ती वही आठवते. काहनेमन बरोबरच असावा.

सकाळी मी जाहीर केलं, “मी जागा राहणार.”

“का?” हिनं विचारलं. “शौर्यपदक मिळणार आहे?”

“भूल घेतली तर चोवीस तास गाडी चालवायची नाही, महत्त्वाच्या कागदांवर सही करायची नाही.”

“तुम्हाला गाडी येत नाही. आणि निवृत्त झाल्यापासून तुम्ही सही कशावर करता? कुरिअरवाल्याच्या कागदावर!”

खरं कारण मी सांगितलं नाही. मी झोपलो की डॉक्टर बाहेर येणार, हिला बाजूला घेणार, हळू आवाजात काहीतरी सांगणार. मग ही डोळे पुसून, हसरा चेहरा करून आत येणार आणि मला मूळव्याध होणार. ती रीत मला चांगली ठाऊक होती. मला दुखण्याची भीती नव्हती असं नाही, पण त्याहून भीती होती ती कुणीतरी माझा चष्मा काढून घेईल याची.

डॉक्टरांनी मधला मार्ग काढला. हाताला सुई लावून ठेवायची, औषध तयार ठेवायचं, सहन झालं नाही तर हात वर करायचा. “आतड्याच्या आतल्या कातडीला कापलेलं कळत नाही. कळतो तो ताण. वळणावर दुखेल,” ते म्हणाले.

आदल्या दिवसाचं वर्णन करू नये. दोन लिटर पाण्यात एक पुडी कालवून ते लिंबू-मिठाचं तीर्थ दर पंधरा मिनिटांनी पेलाभर प्यायचं. कोकम सरबत मागितलं तर तेही नाही, कारण तो लाल रंग आत रक्तासारखा दिसतो. रात्री अकरापर्यंत मी इतका रिकामा झालो होतो की माझ्या पोटात फक्त सोसायटीचे सल्ले शिल्लक असावेत.

दुसऱ्या दिवशी मला मागच्या बाजूला खिडकी ठेवलेली एक कागदी विजार दिली. ज्यानं ती शिवली त्याला माणसाच्या अब्रूविषयी काही माहिती नसावी, किंवा सगळीच माहिती असावी. सिस्टर म्हणाल्या, “आजोबा, चष्मा काढा. बाहेर आजींकडे देते.”

“चष्मा राहू दे,” मी म्हणालो. आवाज जरा चढाच लागला असावा. त्या बिचाऱ्या दचकल्या. डॉक्टर म्हणाले, “राहू दे, राहू दे.”

डाव्या कुशीवर, गुडघे पोटाशी. समोर पडदा. आयुष्यात प्रथमच मी टीव्हीवर दिसलो, तो असा! गुलाबी, ओलसर, वळ्यावळ्यांचा बोगदा. खंडाळ्याच्या घाटातून आगगाडी जावी तसा कॅमेरा पुढे जात होता. पहिलं वळण आलं आणि माझ्या पोटाचा फुगा झाला. दुखलं. चांगलंच दुखलं. हात वर जायला निघाला. सिस्टरनी पोट दाबून धरलं, डॉक्टरांनी नळी थोडी मागे घेऊन सरळ केली, आणि कळ ओसरली. हात अर्धवट वर राहिला होता. काहीतरी करायला हवं म्हणून मी त्या हातानं चष्मा सारखा केला.

मोठं आतडं जिथे सुरू होतं त्या टोकापर्यंत नळी पोचली. आता परतीचा प्रवास. डॉक्टर सावकाश, कोपरा न् कोपरा बघत मागे येत होते. आणि मग ते थांबले. पडद्यावर वाटाण्याएवढा एक गुलाबी मोड उभा होता.

कुणी काही बोललं नाही. मीच विचारलं, “हाच का?”

“हाच,” डॉक्टर म्हणाले. एक तारेचा फास आला, मोडाच्या गळ्यात पडला, आवळला, आणि मोड सुटा झाला. खरोखरच काही कळलं नाही. “दिसायला साधा वाटतो,” ते म्हणाले. “पण लॅब काय म्हणते ते खरं.”

मला एकदम हलकं वाटलं. निकाल यायचा होता, पण जे होतं ते मला सगळ्यांआधी, सरळ तोंडावर, माझ्याच चष्म्यातून कळलं होतं. कपडे करून मी ताठ मानेनं बाहेर आलो. बाकावर ही बसली होती. मांडीवर पर्स, पर्सवर पदर. चेहरा कालच्या उपासाचा. उपास माझा होता, चेहरा तिचा. माझ्याकडे बघून ती उठली, आणि माझ्या तोंडून शब्द निघून गेले :

“काही नाही गं. सगळं स्वच्छ आहे.”

त्याच क्षणी तीही म्हणाली, “काही नाही हो. डॉक्टर म्हणाले, सगळं ठीक आहे.”

आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो. मग माझं लक्ष तिच्या पदराकडे गेलं. त्याखाली तिची मूठ घट्ट होती.

“हातात काय आहे?”

तिनं मूठ उघडली. औषधी पाण्याची छोटी बाटली. तळाला वाटाण्याएवढं काहीतरी. वर चिकटपट्टीवर माझं संपूर्ण नाव, वय ६७. सिस्टरनी लॅबमध्ये नेऊन द्यायला तिच्याच हातात ठेवली होती.

“सगळं स्वच्छ आहे ना?” ती म्हणाली. “मग ही बाटली कुणाची?”

मग आम्ही त्या बाकावर बसून इतके हसलो की शेजारचा पेशंट उठून लांब जाऊन बसला. हसताहसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं, ते मी पाहिलं. माझा चष्मा का धुरकटला ते तिनं विचारलं नाही.

लॅबपर्यंत ती रिक्षात बाटली दोन्ही हातांनी धरून बसली होती. प्रत्येक खड्ड्याला म्हणत होती, “जपून हो, जपून.” नऊ दिवसांनी निकाल आला. पाकीट मीच फोडलं आणि मोठ्यानं वाचलं. मोड साधा होता. काही वर्षांनी पुन्हा बघून घ्यायचं, बस्स.

त्या रात्री मी बऱ्याच वर्षांनी वही काढली आणि लिहिलं : ‘लॅब. रिक्षा जाऊन-येऊन रु. ९४. दोघांनाही सगळं कळलं आहे.’

आणि खाली : ‘चू. भू. द्या. घ्या.’