आधी माय पाहा

आमच्या घरी कुत्रं आणायचं ठरलं तेव्हा थोरली चौथीत होती आणि धाकटा नुकताच पहिलीत गेला होता. हट्ट दोघांचाही होता. पण कुत्र्याचं खाणंपिणं, लस, आजारपण आणि सगळ्यात मोठं म्हणजे लेकरांची काळजी, हे सारं माझ्याकडे येणार होतं. म्हणून कोणतं कुत्रं आणायचं ते मी घाईत ठरू दिलं नाही.

विषय निघाला की ज्याच्या त्याच्या तोंडी एक नाव. दिरांना जर्मन शेफर्ड हवा होता. आमच्या शेतात रोही आणि रानडुकरांचा फार त्रास. जागलीला बरं पडेल, असं त्यांचं म्हणणं. शेजारच्या वहिनी म्हणाल्या, पॉमेरेनियन आणा, घरात मावतं. यांच्या मनात पग होता. २००३ मध्ये हच या मोबाइल कंपनीच्या जाहिरातीत एका मुलाच्या मागे मागे चालणारा तो पग यांना अजून आठवतो. थोरलीनं मोबाइलवर निळ्या डोळ्यांचा हस्की पाहून ठेवला होता. उरलेल्या सगळ्यांचा कौल लॅब्राडॉरला. सासूबाईंचं एकच म्हणणं होतं, "लेकरायले चावलं नाही पाह्यजे."

मला सासूबाईंचं म्हणणं सगळ्यात नेमकं वाटलं. तेच घेऊन मी आमच्या ओळखीच्या पशुवैद्यकांकडे गेले. कोणती जात चांगली, असं विचारलं, तर त्यांनी मलाच प्रश्न घातले. दुपारी घरी कोण असतं? मे महिन्यात कुत्रं कुठं बसेल? सकाळ-संध्याकाळ फिरवून कोण आणणार? घरात म्हातारं माणूस आहे का? लेकरांना जेवताना मांडीवरून ताट सांडायची सवय आहे का? या प्रश्नांची उत्तरं देता देताच निम्मी नावं गळून पडली.

आमच्याकडे मे महिन्यात पारा ४३-४४ अंशांवर जातो. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. धापा टाकूनच ते अंग थंड करतं. हस्की ही सायबेरियातल्या बर्फात घसरगाडी ओढणारी जात, अंगावर केसांचे दोन थर. त्याला आमच्या पत्र्याच्या पडवीत ठेवणं म्हणजे रोज छळणं. पगचं नाक इतकं चपटं की गारव्यातही त्याला श्वास पुरत नाही, उन्हाळ्यात तर जिवावर बेततं. हे ऐकून थोरली हिरमुसली, पण तिनंच बाबांना समजावलं.

लॅब्राडॉरबद्दल डॉक्टर चांगलं बोलले. कॅनडाकडच्या न्यूफाउंडलंड बेटावर कोळ्यांसोबत राबणाऱ्या कुत्र्यांपासून ही जात आली, माणसांत रमते. पण वाढलेला नर ३०-३५ किलोंचा होतो. पहिली दीड-दोन वर्षं अंगात नुसता दांडगेपणा असतो. प्रेमानं उडी मारली तरी पाच वर्षांचं मूल आणि काठी टेकत चालणारी आजी दोघंही पडतील. भूकही मोठी. २०१६ मध्ये केंब्रिजच्या संशोधकांना सुमारे चतुर्थांश लॅब्राडॉरमध्ये असा जनुकदोष सापडला की त्यांना पोट भरल्याचं नीट कळत नाही. आमच्या घरी लेकरं उष्टी पोळी टाकणार आणि ते कुत्रं फुगत जाणार, हे मला डोळ्यांपुढे दिसलं. जर्मन शेफर्डला रोज काम आणि शिकवण लागते. ती द्यायला आमच्याकडे कुणी नव्हतं. पॉमेरेनियन म्हणून आपल्याकडे जे मिळतं ते बहुतेक इंडियन स्पिट्झ असतं. ते उन्हाला त्यामानानं टिकतं, पण चिमुरड्या हातांची ओढाताण सगळ्याच स्पिट्झना सोसत नाही.

दिरांच्या लातूरकडच्या मित्रानं कारवानीचं पिल्लू देऊ केलं. कारवानी म्हणजेच मुधोळ हाउंड. मुधोळचे संस्थानिक मालोजीराव घोरपडे यांनी ही जात जोपासली, आणि ९ जानेवारी २००५ रोजी टपाल खात्यानं देशी कुत्र्यांची जी चार तिकिटं काढली त्यात तीही आहे. बारीक कंबर, लांब पाय, उन्हाला टणक. पण ही नजरेनं शिकार हेरणारी जात आहे. पळणाऱ्याच्या मागे सुटणं तिच्या रक्तातच. आमच्या गल्लीत शेळ्या, कोंबड्या आणि दिवसभर पळणारी पोरं. शेताच्या मोकळ्या रानात जिचं सोनं झालं असतं, तिला गल्लीत बांधून ठेवावं लागलं असतं. तेही नको म्हटलं.

याच सुमारास २०२२ च्या एका मोठ्या अभ्यासाबद्दल वाचलं. १८ हजारांहून जास्त कुत्र्यांच्या मालकांना विचारून आणि दोन हजारांवर कुत्र्यांचे जनुक तपासून संशोधकांनी पाहिलं, की कुत्र्याकुत्र्यांच्या वागण्यात जो फरक दिसतो, त्यातला जेमतेम ९ टक्के जातीवरून सांगता येतो. जातीवरून आकार, केस, ताकद आणि काही ओढी कळतात. पण हे अमुक कुत्रं माझ्या लेकराशी कसं वागेल, ते त्या कुत्र्यालाच पाहून कळणार होतं.

पोहरादेवीला ५ ऑक्टोबर २०२४ रोजी बंजारा विरासत संग्रहालय सुरू झालं. पिल्लू शोधणं सुरू असतानाच मुलांना घेऊन आम्ही ते पाहायला गेलो. बैलांवर मीठ आणि धान्य लादून देशभर फिरणारे तांडे, ही लदेणीची गोष्ट थोरलीला फार आवडली. रात्री मुक्कामाला राखण कोण करायचं, असं तिनं विचारलं. कुत्री, म्हटल्यावर तिचे डोळे चमकले. परतताना यांच्या ओळखीनं जवळच्याच एका तांड्यावर थांबलो. तिथं एक कुत्री व्यालेली होती.

घरच्या आजोबांना मी आमचा हेतू सांगितला. ते म्हणाले, "ताई, लेकराईपाशी ठेवाचं हाय ना? मंग पिल्लू पाहू नोका, आधी त्याची माय पाहा. खाण तशी माती." मग आम्ही बाजेवर बसलो आणि पिलांची माय पाहिली.

तांबूस अंगाची, काळ्या तोंडाची गावठी कुत्री. आम्ही आलो तेव्हा दोनदा भुंकली. आजोबांनी नाव घेताच थांबली आणि बाजूनं येऊन आमच्या चपला हुंगून गेली. एक वासरू पिलांजवळ आलं, तर ती नुसती उठून मध्ये उभी राहिली. दात दाखवले नाहीत, अंगावर गेली नाही. घरच्या मुलीनं एक पिल्लू उचललं, तेव्हा तिनं ते हुंगलं आणि परत सावलीला बसली. बैल घेताना आमच्याकडे लोक दात पाहतात, खूर पाहतात. इथं मला फक्त तिचा हा धीर पाहायचा होता, आणि तो दिसला.

पिलं चार. एक थेट धाकट्याच्या चपलेला लोंबकळलं. एक बंडीखालून बाहेरच येईना, तर एकाला खाण्याशिवाय काही सुचत नव्हतं. चौथी मादी होती. ती जवळ आली, हुंगलं, गेली, पुन्हा आली. मी मुद्दाम डब्याचं झाकण फरशीवर पाडलं. चौघंही दचकून पळाली, पण क्षणभरानं तीच परत येऊन झाकण हुंगू लागली. दचकलं तरी सावरतं, असंच पिल्लू लेकरांच्या घरात हवं असतं. आजोबांनी तिची नखं मोजून दाखवली, वीस. वीसनखी म्हणजे राखणीला नामी, ही आपल्याकडची जुनी समजूत. डॉक्टरांनी नंतर सांगितलं की मागच्या पायांच्या त्या जादा नखांचा स्वभावाशी संबंध नाही. मात्र ती झिजत नाहीत, म्हणून वेळेवर कापावी लागतात.

त्या दिवशी आम्ही तिला आणलं नाही. २०१७ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. नियमामागचं कारण महत्त्वाचं आहे. आई आणि भावंडांशी खेळतानाच पिल्लू चावा हलका ठेवायला शिकतं. तोवर लेकरं थांबली, आणि त्या थांबण्यात मी त्यांना तयार केलं.

कुत्रं जेवताना आणि झोपलं असताना हात लावायचा नाही. गळ्यात मिठी मारायची नाही. लहान मुलाचा चेहरा कुत्र्याच्या तोंडाशी येतो तो याच वेळी. आपण त्याच्याकडे जायचं नाही, हाक मारून त्याला येऊ द्यायचं. थोडं कुरवाळून हात काढायचा. ते जवळ सरकलं तर पुढे, तोंड फिरवलं तर पुरे. ओठ चाटणं, उगाच जांभई देणं, डोळ्याचा पांढरा भाग दिसणं, अंग ताठ होणं, याचा अर्थ 'मला सोडा'. गुरगुरलं तर मारायचं नाही. गुरगुरणं ही सूचना असते. ती मारून बंद केली तर पुढच्या वेळी सूचना न देता दात लागतात.

शेवटची गोष्ट मी दोघांकडून घोकून घेतली. घरचं असो की रस्त्यावरचं, कुत्र्याचा दात किंवा नख लागलं तर लगेच सांगायचं, कुणी रागावणार नाही. संशयित पिसाळलेल्या जनावरानं चावलेल्यांत सुमारे ४० टक्के १५ वर्षांखालची मुलं असतात, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. बरीच मुलं माराच्या भीतीनं चावा लपवतात. जखम साबणानं, वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवायची आणि तडक दवाखान्यात जाऊन लस घ्यायची, यात हयगय चालत नाही. रेबीज झाल्यावर त्यावर उपाय नाही.

मग ती घरी आली, तिचं नाव ठेवलं चिंगी. जंत, पार्व्होची लस, तीन महिन्यांची झाल्यावर रेबीजची, असा क्रम डॉक्टरांनी कार्डावर लिहून दिला. लेकरांसोबत ती एकटी कधीच ठेवली नाही. मी, सासूबाई किंवा हे, कुणी तरी मोठं माणूस तिथं असतंच. तिची जागा ओसरीच्या कोपऱ्यात. ती तिथं गेली की तिला कुणी बोलवायचं नाही, हा नियम सासूबाई सगळ्यात कडक पाळतात. आता ती मोठी झाली आहे. उन्हाळ्यात कडुनिंबाखाली पाण्याजवळ पडून असते, संध्याकाळी लेकरांसोबत शेतापर्यंत जाते.

रामनवमीला पोहरादेवीच्या यात्रेसाठी घर पाहुण्यांनी भरलं होतं. नणंदेचा मुलगा चिंगीच्या शेपटीकडे धावला. धाकटा मध्ये उभा राहिला आणि म्हणाला, "ते झोपली हाय. उठली का हाक मारू, आली तं हात लाव."

कोणती जात घ्यावी, असं आता मला विचारतात. मी सांगते, आधी आपलं घर पाहा: ऊन, जागा, वेळ, लेकरांचं वय. मग पिलाची माय पाहा. आणि घरात मोठ्या माणसाकडे कुत्र्यासाठी वेळ नसेल, तर यंदा आणू नका. लेकरं थांबू शकतात.