‘तेवढं तुम्हीच बघा’

31 मे ही आपल्याकडे सरकारी कचेऱ्यांतली मोठ्या निरोपाची तारीख. शाळेत नाव घालताना गुरुजींनी 1 जून ही जन्मतारीख लिहून टाकली, अशा पिढीतली माणसं एकाच संध्याकाळी शाल-नारळ घेऊन घरी जातात. दुसऱ्या दिवशी त्यांच्या फायली टेबलावर तशाच असतात. साहेब शेजारच्या टेबलापाशी येतात आणि म्हणतात, “नवीन माणूस येईपर्यंत तेवढं तुम्हीच बघा.” नवीन माणूस कधी येणार, ते कुणी सांगत नाही आणि विचारायची सोयही नसते.

*

केंद्र सरकारच्या मूलभूत नियमांतला 49 वा नियम याच प्रसंगासाठी आहे. वेगळ्या पदाचा पूर्ण कार्यभार रीतसर आदेशाने दिला आणि तो 45 दिवसांहून जास्त चालला, तर त्या पदाच्या वेतनाच्या 10 टक्क्यांपर्यंत जादा वेतन मिळू शकतं. फक्त ‘दैनंदिन कामकाज’ पाहायला सांगितलं असेल, तर काही नाही. त्याच कार्यालयातलं, त्याच संवर्गातलं, त्याच वेतनश्रेणीचं दुसरं पद असेल, तर कितीही काळ सांभाळा, तरीही काही नाही. म्हणजे शेजारच्या टेबलाचं काम, जे सगळ्यात जास्त वेळा गळ्यात पडतं, तेच नियमाने फुकट. हे मला सरळसरळ अन्यायाचं वाटतं. दोन माणसांचं काम एकाने केलं, तर वाचलेल्या पगारातला काही भाग त्याचा आहे.

*

दोन सजांचा तलाठी. सोमवारी इथे, मंगळवारी तिथे. सातबाऱ्यावरच्या नोंदीसाठी आलेला शेतकरी कुलूप बघून परत जातो आणि शिव्या तलाठ्यालाच बसतात. रिकाम्या पदाची किंमत अशी दोघं मिळून भरतात.

*

अंगणवाडी सेविकांबद्दल थोडं सविस्तर लिहायला हवं.

त्या ज्या योजनेखाली काम करतात, ती एकात्मिक बालविकास सेवा योजना 2 ऑक्टोबर 1975 ला सुरू झाली. सेवा सहा: पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा, पोषण व आरोग्य शिक्षण, पूर्वप्राथमिक शिक्षण. एवढ्यावरच दिवस भरतो. त्यावर सर्वेक्षणं आली, काही जणींकडे मतदारयाद्या आल्या, मग मोबाईल आला. ऑगस्ट 2021 मध्ये महाराष्ट्रातल्या सेविकांनी सरकारने दिलेले फोन परत केले. ते चालत नव्हते आणि माहिती भरायचं अ‍ॅप इंग्रजीत होतं. मराठी शाळेत शिकलेल्या बाईने बाळाचं वजन इंग्रजीत भरायचं, हे ठरवताना तिला कुणी विचारलं होतं का? 2024 च्या पावसाळ्यात लाडकी बहीण योजनेचे अर्ज आले. तिथे निदान अर्जामागे 50 रुपये जाहीर झाले. रक्कम छोटी, पण या कामाला मोल आहे हे शासनाने कबूल केलं, म्हणून मला ती महत्त्वाची वाटते.

आणि एवढं करून मिळतं ते ‘मानधन’, वेतन नव्हे. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल 2022 मध्ये सेविका आणि मदतनिसांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे असा निकाल दिला. योजना सुरू होऊन तोवर 46 वर्षं उलटली होती.

*

खासगी कंपन्यांत हेच गोड बोलून होतं. टीम लीड सोडून जातो. त्याची माणसं, क्लायंटचे कॉल, रात्रीचा सपोर्ट एका मुलीकडे येतो. “तुझ्यासाठी संधी आहे.” मार्चमध्ये अप्रेझलला बजेट नसतं. जिला खरंच पुढे न्यायचं आहे, तिला पद कधी मिळेल ते पहिल्याच दिवशी सांगता येतं.

*

न्यायालयांची दोन टोकं. 1991 चं गोव्याचं प्रकरण: वरच्या पदाचं काम पाहायला सांगितलं म्हणजे बढती दिली असं होत नाही, अशा माणसाला फक्त कार्यभार भत्ता मिळतो. 1998 चं चंदीगडचं प्रकरण: एक अभियंता वर्षानुवर्षं वरच्या पदावर काम करत होता, पगार मात्र जुनाच. त्याच्याकडून बढती आणि वेतन मागणार नाही अशी हमी घेतली होती, असं प्रशासन सांगत होतं. सर्वोच्च न्यायालय म्हणालं, अशी हमी करार कायद्याच्या कलम 23 नुसार सार्वजनिक धोरणाच्या विरुद्ध आहे. त्या पदाचं वेतन द्या. नोकरी सांभाळायची म्हणून घाबरून केलेल्या सहीची ढाल वरच्याला करता येऊ नये, हे मला फार मोलाचं वाटतं.

*

नव्याने नोकरीला लागलेल्या भाचीने विचारलं, असं काम आलं तर नाही म्हणू का? नाही म्हणणं दर वेळी जमत नाही. पण त्याच संध्याकाळी साहेबांना दोन ओळींचा मेल टाक, म्हटलं: आज सांगितल्याप्रमाणे अमुक काम अमुक तारखेपासून पाहत आहे, ते कधीपर्यंत पाहायचं ते कळवावं. फायली ताब्यात घेताना यादी कर, देणारा आणि घेणारा दोघांच्या सह्या घे. आधीच थकलेली प्रकरणं त्यात वेगळी दाखव, नाहीतर त्यांच्या उशिराचा मेमो तुझ्या नावाने निघेल.