बाणांची वाट

भंडारा जिल्ह्यातील कोंढा हे धानाच्या बांध्यांनी वेढलेले गाव. अशा गावी जुन्या संगणकाची तारीख एके सकाळी कित्येक वर्षे मागे गेलेली दिसली, की पाहणारा घाबरतो. दोष मात्र बहुधा लहानच असतो. आतील नाण्याएवढा, तीन व्होल्टचा विद्युतघट संपलेला असतो. वीजपुरवठा तोडून तो बदलावा. मग उरते तारीख लावणे.

संगणक सुरू होताच डिलीट किंवा एफ-टूसारखी नेमलेली कळ दाबली, की 'बायोस'चे दालन उघडते. हे नाव 1975 च्या सुमारास अमेरिकन संगणकशास्त्रज्ञ गॅरी किल्डॉल यांनी योजिले. यंत्राचे अवयव तपासून त्याला जागे करणारी ही प्रणाली होय. तिच्या जुन्या दालनात माऊसला प्रवेश नाही. बाणांच्या कळा वाट चालवितात, एंटर दार उघडते, एस्केप मागे आणते. कोणत्या कळेने काय घडते, हे पडद्याच्या कडेला लिहिलेलेच असते. परंतु उतावळ्याची दृष्टी तेथे जात नाही.

भिणारा आत शिरत नाही आणि उतावळा न वाचताच बदल करतो. दोघांचेही काम अडते. शहाणा मनुष्य आधीची नोंद वहीत उतरवितो, एकच गोष्ट बदलतो, पुन्हा वाचतो. बदल न जतन करता बाहेर पडण्याची मुभा येथे आहे. चुकीला क्षमा आहे. बहुतेक यंत्रांत एफ-टेनने बदल कायम होतो. ती कळ दाबण्यापूर्वी क्षणभर थांबणे, हीच या विद्येतील खरी शिकवण.