बातमी तूच द्यायची

कराड,
ऋषिपंचमी

चि. सोनूस,


काल रात्री तू पाठवलेला फोटो तीनदा मोठा करून पाहिला. चेन्नईच्या ऑफिसर्स ट्रेनिंग अकादमीत ऑक्टोबरात रुजू होण्याचं पत्र, त्यावर तुझं पूर्ण नाव, मधे दाजींचं. खाली तुझी एक ओळ : ‘मामा, आईला तुम्ही सांगाल का?’ अभिनंदन मी रात्रीच कळवलं. त्या ओळीचं उत्तर मात्र फोनवर देण्यासारखं नव्हतं, म्हणून वही काढून बसलोय. उद्या स्पीड पोस्टानं टाकतो, गौरी बसायच्या आत मिळावं.

आधी मनातलं सांगतो. मला फार आनंद झालाय. आपल्या जिल्ह्यानं फौजेला माणसं किती दिली ते तुला नव्यानं सांगायला नको. साताऱ्याजवळच्या अपशिंग्यातले ४६ जण पहिल्या महायुद्धातच गेले, आणि तरीही त्या गावातून भरतीला जाणं थांबलं नाही. पण आपल्याकडे घरात एखादं पोर पदवीधर झालं की सगळे सुस्कारा टाकतात, सुटलं म्हणतात. आपले अण्णा हवालदार म्हणून निवृत्त झाले. मला कॉलेजात घातलं तेव्हा त्यांचं एकच म्हणणं होतं, शीक, म्हणजे माझ्यासारखं उन्हातान्हात उभं राहावं लागणार नाही. पदवी म्हणजे वर्दीतून सुटका, असाच हिशेब. ज्या पोरांना तरीही जायचं असतं ती पहाटे चारला डांबरी रस्त्यावर पळत असतात. त्यातली कितीतरी बी.ए., बी.एस्सी. झालेली असतात. भरतीला जाणं कमी नव्हे, अण्णा तसेच गेले. पण अधिकारी होण्यासाठी सीडीएस नावाची परीक्षा वर्षातून दोनदा होते, कुठल्याही शाखेची पदवी चालते, चेन्नईसाठी तर गणिताचा पेपरसुद्धा नाही, फक्त इंग्रजी आणि सामान्यज्ञान, हे त्यांना कुणी बसवून सांगत नाही. मराठी मुलं अधिकारी म्हणून कमी जातात म्हणून राज्य सरकारनं १९७७ साली औरंगाबादला अकरावी-बारावीच्या मुलांना एनडीएसाठी तयार करणारी संस्था काढली. आपल्या तालुक्याच्या कॉलेजातल्या तिसऱ्या वर्षाच्या वर्गापर्यंत मात्र अजून कुणी फॉर्म घेऊन येत नाही, आणि याचं मला मनापासून वाईट वाटतं. तू तो स्वतः शोधून भरलास.

आणखी एक गोष्ट तुला ठाऊक असावी. तुझी पदवी शिवाजी विद्यापीठाची. राधाकृष्णन यांच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं १८ नोव्हेंबर १९६२ला, आणि तेव्हा ईशान्येला चीनशी युद्ध चालू होतं. हे विद्यापीठ व्हावं म्हणून झटलेले आपल्या कराडचे यशवंतराव त्याच महिन्यात संरक्षणमंत्री झाले. फौजेला तरुण अधिकारी अपुरे पडत होते. म्हणून कॉलेजातून बाहेर पडलेल्या मुलांना काही महिन्यांत तयार करायला १९६३च्या जानेवारीत मद्रासला आणि पुण्याला शाळा उघडल्या. पुण्याची पुढे बंद झाली. मद्रासची तू जाणार आहेस ती. तुझं विद्यापीठ आणि तुझी अकादमी, दोन्हींच्या जन्मात दोन महिन्यांचंसुद्धा अंतर नाही.

तुझी आई, आमची अक्का, काय विचारणार ते मला ठाऊक आहे, त्याची उत्तरं खरी खरी तयार ठेव. करार दहा वर्षांचा, पुढे चार वाढवून मिळतात. कायम कमिशन मिळालं नाही तर पस्तिशीच्या आत-बाहेर तू पुन्हा नोकरी शोधत असशील, आणि पेन्शन नसेल. मीही तसाच बाहेर पडलो, आमच्या वेळी आधी पाच वर्षं आणि मग वाढ. मुलींसाठी वैद्यकीय सेवेबाहेरच्या शाखा १९९२ साली खुल्या झाल्या. कायम कमिशनसाठी मात्र बायकांना वर्षानुवर्षं कोर्टात झगडावं लागलं, १७ फेब्रुवारी २०२०ला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लागला तेव्हा वाट मोकळी झाली. पायदळ आणि रणगाडे तुम्हाला अजून बंद आहेत. मला हे पटत नाही, पण तू जाताना माहीत असून जा.

आता तुझ्या ‘का’बद्दल. जूनमध्ये तू मला लिहिलं होतंस, देशासाठी काहीतरी करायचंय. खोटं नाही ते. पण १९९५ साली मीही भोपाळला निवड मंडळापुढे हेच म्हणालो होतो, आणि मला परत पाठवलं. एका क्लासमध्ये मुलाखतीची उत्तरं पाठ केली होती. चित्र दाखवलं की गोष्ट कशी लिहायची, शब्द दिला की पंधरा सेकंदांत वाक्य कसं टाकायचं, सगळं बसवून गेलो होतो. मुलाखत घेणाऱ्या अधिकाऱ्यानं विचारलं, घरी तुमच्यावर कोण रागावतं, आणि कशासाठी? मी म्हणालो, आमच्या घरात कुणी कुणावर रागावत नाही. त्याच्या आदल्या दिवशी लिहिलेल्या गोष्टींमधला प्रत्येक बाप चिडका होता. मैदानावर तर मी फळी आणि दोर सोडून सगळ्यांना हुकूम देत सुटलो होतो.

तिथे तीन परीक्षक तीन वेगवेगळ्या गोष्टी बघतात हे तू अनुभवलंस. कागदावर मन, मुलाखतीत वाणी, मैदानावर कृती. मनसा, वाचा, कर्मणा. शेवटच्या दिवसापर्यंत तिघे आपापसांत बोलत नाहीत. कॉन्फरन्सला बसतात आणि तीन माणसं समोर येतात की एकच, एवढं बघतात. माझी तीन आली. छातीवरचा नंबर सोडून दिला, आणि स्टेशनला जाणाऱ्या गाडीत बसलो. पुढच्या वर्षी पुन्हा गेलो ते काहीही पाठ न करता. अण्णा रागावतात, मी बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला एका विषयात नापास झालो आणि तीन महिने घरी सांगितलं नाही म्हणून रागावले, हे सांगितलं. झालं माझं.

पण का जायचं ते मला भोपाळला कळलं नाही, चेन्नईतही नाही. ते कळलं नोकरीच्या दुसऱ्या हिवाळ्यात. ही गोष्ट मी घरात कुणाला सांगितलेली नाही, तुझ्या मामीलाही नाही.

काश्मीरमध्ये एका खिंडीपलीकडच्या ठाण्यावर होतो. डिसेंबर संपत आला होता, बर्फानं वाट बंद झालेली. संध्याकाळी सेटवर निरोप आला, आपल्या अमुक शिपायाची आई वारली, दोन दिवस झाले. माण तालुक्यातला पोरगा, एकवीस वर्षांचा. त्या घडीला तो शेजारच्या बंकरमध्ये कणीक मळत होता. मी सुभेदार साहेबांना म्हणालो, ‘साहेब, तुमचं त्याचं चांगलं जमतं, तुम्हीच सांगा.’ चोवीस वर्षं नोकरी झालेला माणूस. त्यांनी कानटोपी काढली, पुन्हा घातली, आणि म्हणाले, ‘नाही साहेब. बाकीचं सगळं आम्ही करू. बातमी तुम्ही द्यायची.’

मी गेलो. बुखारी पेटलेली, घासलेटाचा वास, आणि त्याचे हात कोपरापर्यंत पिठानं भरलेले. सरळ सांगून टाकलं, दुसरं काही सुचलंच नाही. तो परातीकडे बघत राहिला. मग बोटांना चिकटलेली कणीक काढायला लागला, एकेका बोटाची, अगदी सावकाश. ती काढलेली कणीक त्यानं परत गोळ्याला लावली. वाया जाऊ नये म्हणून. आणि मग वर न बघता विचारलं, ‘साहेब, पाणी कोणी पाजलं तिला?’

बाप आधीच गेलेला, बहिणी सासरी, घरात हा एकटा मुलगा. मला नकाशा वाचता येत होता, सेटवरून तोफांचा मारा मागवता येत होता. याचं उत्तर नव्हतं. म्हणालो, ‘मला माहीत नाही. विचारून सांगतो.’ रात्रभर त्याच्याजवळ बसलो. तो रडला नाही, मधेमधे बुखारीची वात कमी-जास्त करत राहिला.

सकाळी पलटणीच्या मुख्यालयाला निरोप दिला. तिकडच्या अधिकाऱ्यानं सेटवर दोनदा विचारलं, नेमकं काय विचारायचंय, पुन्हा सांगा. मी पुन्हा सांगितलं, आईच्या तोंडात शेवटचं पाणी कोणी घातलं. त्यांनी साताऱ्याला जिल्हा सैनिक कार्यालयाला फोन लावला, तिथून कुणीतरी त्याच्या गावच्या ग्रामपंचायतीत निरोप धाडला. पाचव्या दिवशी उत्तर आलं. सेटवरच्या जवानानं नेहमीच्या निरोपाच्या कागदावर तारीख, वेळ, क्रमांक घालून लिहून घेतलं : शेजारच्या बाईने. आईजवळ होती.

तो कागद मी त्याला दिला. त्यानं वाचला, घडी घातली, पेबुकात ठेवला. त्या दिवशी तो पहिल्यांदा पोटभर जेवला. खिंड उघडली आणि तो सुट्टीवर गेला त्याला अजून दोन आठवडे लागले.

सोनू, शिकल्यासवरल्या माणसानं फौजेत का जावं याचं मला ठाऊक असलेलं उत्तर एवढंच आहे. तुला सिग्नल्स मिळो, सप्लाय मिळो, नाहीतर तोफखाना मिळो, तो तर २०२३पासून मुलींना खुला झालाय. तिशी-चाळिशीची, तुझ्यापेक्षा दुप्पट अनुभवाची माणसं तुझ्या हाताखाली असतील. त्यांची रजा, त्यांचा पगार, घरचं भांडण, पोराची फी, आजारपण, आणि वेळ आली तर जीवसुद्धा, हे सगळं बाविसाव्या-तेविसाव्या वर्षी तुझ्याकडे येणार. पुण्याच्या कंपनीत तुला पगार चांगला मिळेल, काम चांगलं असेल, मी त्याला नावं ठेवत नाही. पण या वयात दुसऱ्याच्या आईच्या शेवटच्या पाण्याचा शोध घ्यायचं काम तुला तिथे कुणी देणार नाही. हे काम आपलं आहे असं वाटत असेल तर जा. नुसती वर्दी आवडते म्हणून चालली असशील तर अजून वेळ आहे, थांब. मला वाटतं तू थांबणार नाहीस.

आता तुझी ती ओळ. भोपाळला तू पाच दिवस मनसा, वाचा, कर्मणा एकच निघालीस, म्हणून हे पत्र आलं. त्याच पाच दिवसांत अक्काला वाटत होतं की तू कंपनीच्या ट्रेनिंगला गेलीस. वैद्यकीय तपासणीच्या वेळीही तेच. कंपनीचं पत्र आलं तेव्हा तिनं आळीत कंदी पेढे वाटले, आणि तू ते वाटू दिलेस. तुझी अडचण मला कळते. पण ही गाठ तू घातलीस, मी सोडवली तर ती सुटणार नाही.

तुझी आई भित्री नाही हे लक्षात ठेव. अण्णा वर्षाला दोन महिने घरी यायचे, आणि पहिले दोन दिवस अक्का त्यांच्या समोर जायची नाही, दाराआडून बघायची. ओळख पटेपर्यंत सुट्टी अर्धी व्हायची. एकाहत्तरच्या लढाईत आजीबरोबर दारात बसून पोस्टमनची वाट तिनं पाहिलीय. आणि २०१५च्या नोव्हेंबरात पोगरवाडीचे कर्नल संतोष महाडिक कुपवाड्यात धारातीर्थी पडले, तेव्हा तुला बोटाला धरून तीच दर्शनाला गेली होती. तू अकरा वर्षांची होतीस. घरी आल्यावर ती जेवली नव्हती, तुला आठवत असेल. तिरंग्यातली पेटी तिनं डोळ्यांनी पाहिलीय. त्यांच्या पत्नी स्वाती महाडिक दोन लहान मुलं असताना याच चेन्नईच्या अकादमीत गेल्या आणि २०१७च्या सप्टेंबरात लेफ्टनंट झाल्या. हेही अक्काला माहीत आहे. पण त्यांचं उदाहरण तिच्यापुढे युक्तिवाद म्हणून करू नकोस. तिची भीती तिनं कमावलेली आहे. ती खोडून काढायची नाही, ऐकून घ्यायची.

अनंत चतुर्दशीनंतरच्या रविवारी मी सकाळच्या एसटीनं कोरेगावला येतो. ओट्यावर दाजींशी बोलत बसेन, आत येणार नाही. पत्राची प्रिंट काढून आण, मोबाइलवर दाखवू नकोस, तिला चष्मा लावून कागद वाचायची सवय आहे. आधी भोपाळचं सांग, मग चेन्नईचं. पेन्शनचं विचारील, नाही म्हणून सांग. लग्नाचं काढील, ट्रेनिंग होईपर्यंत करता येत नाही हे सांग आणि पुढचं तुझं तू ठरवलं असशील ते सांग. मग ती उठेल आणि चहाचं आधण ठेवायला तुझ्याकडे पाठ करून उभी राहील. तेव्हा बोलणं थांबवू नकोस, आणि जवळही जाऊ नकोस. आधण उकळू दे.

शेवटी ती विचारील, मामाला हे ठाऊक होतं का?

हो म्हण.

तुझा,
मामा